चौथीतली मुलगी, आठवीतला मुलगा आणि घरात एकच मोकळा मोबाईल

प्रश्न एका आईचा आहे, थोडक्यात असा: "मुलगी चौथीत, मराठी माध्यमात. मुलगा आठवीत, सेमी इंग्रजीला. आम्ही दोघंही नोकरी करतो, सातच्या पुढे घरी येतो. क्लास लावण्याऐवजी अभ्यासाच्या चांगल्या वेबसाइट वापराव्यात असं वाटतं. कोणत्या वापराव्यात, किती वेळ, आणि मुलं खरंच शिकतायत हे कळणार कसं?"

तिसरा प्रश्न आधी घेते. त्याचं उत्तर हाताशी नसेल तर पहिल्या दोघांचा फारसा उपयोग नाही.

मी २७ वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवलं. २०२० साली 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू'च्या दिवसांत आम्ही सगळेच व्हॉट्सॲपवर रोज लिंका पाठवत होतो. शाळा उघडल्यावर चौथीतली एक मुलगी आईबरोबर आली. आईने कौतुकाने मोबाईल दाखवला: वजाबाकीच्या सरावात सगळे तारे, वर एक सोनेरी चषक. मी पाटीवर ५०३ वजा २७८ लिहून दिलं. तिने उत्तर काढलं ३७५. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला होता. वर कोण, खाली कोण, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. मग तारे कसे मिळाले? तिने न लपवता सांगितलं, "बाई, चार उत्तरं असतात ना, त्यातली दोन वरच्या संख्येपेक्षा मोठीच असतात. उरलेल्यातलं एक दाबायचं. चुकलं तर दुसरं दाबायचं. तारा मिळतोच."

पोरगी हुशार होती. त्या वेबसाइटने तिला वजाबाकीऐवजी तारे मिळवायला शिकवलं आणि ते ती उत्तम शिकली.

तेव्हापासून माझी कसोटी एकच. वेबसाइटवर जे केलं ते दुसऱ्या दिवशी, मोबाईल बंद असताना, कोऱ्या पानावर येतं का? तीन गणितं पुरेत, किंवा विज्ञानातला एक मुद्दा चार ओळींत. पर्याय द्यायचे नाहीत, सूचक शब्द द्यायचे नाहीत. हे नुसतं बाईंचं मत नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्याला तो एकदा वाचून न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. व्हिडिओ बघून झाल्यावर "आलं मला" असं मूल म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. त्या पाच मिनिटांपुरतं त्याला खरंच आलेलं असतं.

आता, कुठे अडलंय ते शोधल्याशिवाय वेबसाइट उघडू नका. पालक "चौथीचं गणित" असं शोधतात आणि पहिल्या धड्यापासून सुरू करतात. अडलेलं मात्र बहुतेक वेळा मागच्या इयत्तेत असतं. प्रथम संस्था २००५ पासून 'असर' नावाचं सर्वेक्षण करते. त्याची चाचणी दोन-चार पानांची आहे, मराठीतही आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येते. वाचनात अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात संख्या ओळखणं, हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. दहा मिनिटांत होते. मुलीला शेजारी बसवून करून घ्या, पण परीक्षा म्हणून नको. शेंगा सोलत, गप्पा मारत चालतं. ती वजाबाकीत अडली तर भागाकाराच्या वेबसाइटचा तुम्हाला सध्या काही उपयोग नाही.

आणि वजाबाकीत अडली तर पहिला उपाय इंटरनेटवर नाहीच. खराट्याच्या काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधा. ५०३ मध्ये सुटा गठ्ठा एकही नाही, सगळे दशक शतकांच्या जुड्यांत बांधलेले आहेत, हे हाताने जुडी सोडल्यावर कळतं. मग व्हिडिओ बघितला तर त्यातलं चित्र तिला ओळखीचं वाटेल.

वेबसाइटकडे वळू. पहिली पायरी कंटाळवाणी वाटेल, पण तीच सगळ्यात भक्कम: पाठ्यपुस्तक. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत. मागच्या इयत्तेचं पुस्तक रद्दीत गेलं असेल तर तिथून काढा, हवी ती चार पानं झेरॉक्सच्या दुकानात छापून आणा. पुस्तकांत जे क्यूआर कोड दिसतात ते 'दीक्षा'चे. हे केंद्राचं व्यासपीठ २०१७ साली सुरू झालं. कोड मोबाईलने स्कॅन करता येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच्या खाली सहा अक्षर-अंकांचा एक संकेत छापलेला असतो, तो दीक्षाच्या संकेतस्थळावर टाइप केला तरी तोच साठा उघडतो. घरात जुना लॅपटॉप असेल तर हेच बरं. मोठा पडदा, आणि मध्येच कुणाचा फोन येत नाही. ॲपमध्ये मजकूर आधी उतरवूनही ठेवता येतो.

दीक्षावरचा सगळाच माल सारखा नाही, हे मी मोकळेपणाने सांगते. काही व्हिडिओंत कुणीतरी धडा नुसता वाचून दाखवतं, त्याला मुलं दोन मिनिटांत जांभया देतात. भूमिती आणि विज्ञान यांतले हलती चित्रं असलेले व्हिडिओ निवडा. भाषेचे वगळले तरी बिघडत नाही, भाषेसाठी पुढे वेगळं सांगते. आधी तुम्ही स्वतः बघा, आवडलं तर दाखवा. चार मिनिटांचा व्हिडिओ आदल्या रात्री बघायला वेळ नाही असं म्हणू नका, मालिकेच्या जाहिरातीत बघून होतो.

परदेशी वेबसाइट गणितासाठी सुंदर आहेत. खान अकॅडमी पूर्ण मोफत आहे, जाहिरात नाही, आणि चुकलं की पायरी-पायरीने दाखवते. ती काढणाऱ्या सलमान खान या शिक्षकाने (नट नव्हे) सुरुवात केली तीच दूर गावच्या नात्यातल्या बहिणीला फोनवरून गणित शिकवण्यापासून, त्यामुळे शिकवण्यात घरगुतीपणा आहे. पण आपल्या मुलांना तिथे काही ठिकाणी ठेच लागते. कुठे, ते आधी माहीत असावं.

संख्या. आपण १,००,००० लिहितो, ते स्वल्पविराम तीन-तीन अंकांनी देतात: १००,०००. चौथी-पाचवीत लाख, दशलक्ष पक्के होत असताना मिलियन-बिलियन कानावर पडलं की मूल गडबडतं. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, एवढं भिंतीवर लिहून ठेवा. वाचण्याचाही एक घोळ आहे. इंग्रजीत 'थर्टी नाइन' मध्ये तीस आधी ऐकू येतात; आपल्या 'एकोणचाळीस'मध्ये चाळीस ऐकू येतात, जे त्या संख्येत लिहिलेलेच नाहीत! २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन सुचवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी समजावून सांगितलं की जोडाक्षरांच्या संख्यानामांनी मुलं अडतात म्हणून हा जोड मार्ग आहे, पण तोवर विनोद सगळीकडे पसरले होते. वर्गात उभं राहून 'त्रेसष्ट' आणि 'सदतीस' यांत अडलेली मुलं मी इतकी बघितली आहेत की मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. इंग्रजी वेबसाइट वापरताना मुलगी ३९ ला 'तीस नऊ' म्हणाली तर रागावू नका. तिला किंमत कळली आहे, नाव मागून येईल.

क्रियांचा क्रम हा दुसरा खड्डा, आणि तो आपल्याकडेही आहे. आपली मुलं 'कंचेभागुबेव' घोकतात: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. अमेरिकी वेबसाइटवरच्या सूत्रात गुणाकार भागाकाराच्या आधी येतो. मग मुलगा विचारतो, खरं कोण? दोन्ही सूत्रं अर्धवट आहेत. गुणाकार आणि भागाकार एकाच पायरीचे, बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीच्या. त्या त्या पायरीवर डावीकडून उजवीकडे जायचं. १० − ४ + ३ याचं उत्तर ९. 'बे' आधी आलं म्हणून ४ आणि ३ ची बेरीज करून ३ उत्तर काढणारी मुलं मी आठवीतही बघितली आहेत. तुमच्या मुलाला आजच विचारून बघा.

बाकीचं झटकन सांगते. परदेशी वेबसाइटवर ऋतू चार असतात, पानगळ असते, पावसाळा नसतो. तापमान फॅरनहाइटमध्ये, अंतर मैलांत, नाणी सेंटची. भारताचा नकाशा कधीकधी आपल्या पुस्तकापेक्षा वेगळा असतो; वहीत काढायचा तो पुस्तकातलाच.

हिंदी वेबसाइटबद्दल मात्र जरा थांबून बोलते, कारण त्या जवळच्या वाटतात आणि म्हणून पालक बेसावध असतात. धाकट्या मुलांसाठी 'वर्णमाला' शोधली की निम्म्याहून जास्त व्हिडिओ हिंदीचे निघतात. त्यात ळ नाही. टिळक, बाळ, फळा, शाळा लिहिणाऱ्या मुलाला ळ नसलेली वर्णमाला काय कामाची? ॲ आणि ऑ बहुधा नसतात. ल आणि श यांची वळणंही वेगळी: मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श २००९ च्या शासननिर्णयात ठरवून दिलेले आहेत, हिंदीत ते दुसऱ्या तऱ्हेने काढतात. गंमत म्हणजे मराठी मजकूर असलेल्या कितीतरी वेबसाइटवरही टंकामुळे हिंदी वळणाचेच ल आणि श दिसतात. वाचायला हरकत नाही, दोन्ही ओळखता आले पाहिजेत. अक्षर गिरवायचं असेल तर मात्र बालभारतीचं पहिलीचं पुस्तक उघडा.

वाचनासाठी दोन जागा. एक, प्रथम बुक्सचं स्टोरीव्हीवर. २०१५ साली सुरू झालं, मराठीत भरपूर गोष्टी आहेत, चित्रं देखणी आहेत. गोष्टींना चार पातळ्या आहेत: पहिलीत अडीचशेपेक्षा कमी शब्द, चौथीत दीड हजाराहून जास्त. पातळी म्हणजे इयत्ता नव्हे, हे लक्षात ठेवा. चौथीतली मुलगी दुसऱ्या पातळीची गोष्ट खळखळ वाचत असेल तर तीच द्या, आठवड्याने वर चढा. गोष्टींचा परवाना मुक्त आहे, म्हणजे उतरवून, छापून, घरात पुस्तक बांधायला कुणाची परवानगी लागत नाही. मी पालकांना हेच सांगते: रविवारी दोन गोष्टी छापा, मधोमध स्टेपल करा. पडद्यावर गोष्ट वाचताना मूल बोटाने पुढे सरकवत राहतं. कागदावर ते मागे वळून बघतं.

दुसरी जागा, 'किशोर'चे जुने अंक. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक स्कॅन करून मोफत ठेवले आहेत. तुम्ही लहानपणी वाचलेला एखादा अंकही सापडेल. तो तुम्हीच मोठ्याने वाचा. तुम्ही स्वतः रमलात की मुलगी आपोआप येऊन चिकटते, हे कुठल्याही वेबसाइटला जमत नाही.

किती वेळ? २०२० साली केंद्राने 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पहिली ते आठवीला दिवसातून ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका असं म्हटलं होतं. आणि ते शाळा पूर्ण बंद असताना! आता मुलं दिवसभर शाळेत असतात. मुलीला २० मिनिटं पुष्कळ झाली, मुलाला अर्धा तास. त्यातला निम्मा वेळ वही समोर उघडी हवी आणि हातात पेन्सिल. व्हिडिओ थांबवायचा, गणित स्वतः करायचं, मग पुढे चालू. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करा. घरात मोकळा मोबाईल एकच असेल तर ती अडचण मानू नका. दोघांच्या वेळा आपोआप वेगळ्या होतात आणि साडेनऊला मोबाईल तुम्हाला परत लागतो, म्हणून वेळही पाळली जाते. स्वतःचा टॅब मिळालेल्या मुलांचे पालक माझ्याकडे जास्त तक्रारी घेऊन येतात.

मुलीच्या नावाने कुठेही खातं उघडू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे; पण संमतीचा तो चौकोन आपणच न वाचता टिचकवतो. वर सांगितलेल्या बहुतेक जागा खात्याशिवाय चालतात. 'मोफत चाचणी'साठी मोबाईल नंबर मागणारी वेबसाइट दिसली की परत फिरा. माझ्या भाचीने एकदा नंबर दिला. पुढचे दोन महिने रोज फोन, "तुमचा मुलगा गणितात मागे पडतोय, हप्त्यांवर कोर्स घ्या". मुलाने तिथे एकच चाचणी दिली होती, तीही जेवता जेवता.

मुलगा एआयला विचारून निबंध उतरवतोय का, हेही तुम्ही मनातल्या मनात विचारत असाल. आठवीतला आहे, करून बघितलं असणारच. मी बंदी घालत नाही. त्याने आधी स्वतः लिहावं, मग त्यातली चूक विचारावी. मराठी व्याकरणात ते उत्तर ठामपणे चुकीचंही देतं, तेव्हा संधी-समासाची खातरजमा पुस्तकातून. प्रकल्पाला माहिती हवी असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. भाषा जड आहे, पण नोंद वाचून पाच ओळी स्वतःच्या शब्दांत लिहिताना त्याचा कस लागेल.

आता मुलाचं विज्ञान. सेमीच्या मुलांची खरी अडचण शब्दांची असते. घरात परिमिती म्हणतात, पुस्तकात पेरिमीटर. आजोबा छेद म्हणतात, शिक्षक डिनॉमिनेटर. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने करायला लावा, नवा शब्द आला की दोन्हीकडे लिहायचा. दोन महिन्यांत त्याचा स्वतःचा कोश तयार होतो, आणि तुम्ही त्याला मराठीत समजावू शकता.

आठवीला 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' हा धडा आहे. त्यासाठी 'फेट' उघडा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प, भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केलेला. मोबाईलच्या ब्राउझरमध्येच चालतो, आणि कितीतरी प्रयोग मराठीत भाषांतरित आहेत. परिपथ जोडण्याच्या प्रयोगात तारा, घट, दिवे ओढून आणायचे आणि जोडायचे. त्याला काही शिकवू नका, अर्धा तास खेळू द्या. घटाची दोन्ही टोकं नुसत्या तारेने जोडली की पडद्यावर आग लागते. ती तो पहिल्या पाच मिनिटांत लावेलच. मग एकच प्रश्न विचारा: दोन दिवे एकापुढे एक जोडले तर मंद का, आणि शेजारी-शेजारी जोडले तर का नाही? आणखी एक कळ तिथे आहे: इलेक्ट्रॉन दाखवा किंवा रूढ धारा (घटाच्या धन टोकाकडून ऋण टोकाकडे वाहते असं मानलेली) दाखवा. दोन्ही उलट्या दिशेने पळतात. हे बघून मुलगा गोंधळला तर उत्तम, तो प्रश्न वर्गात विचारू द्या.

पण पडद्यावर थांबू नका. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांचे शेकडो प्रयोग आणि मराठी पुस्तकं मोफत आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं, २०१८ साली पद्मश्री मिळाली. तिथली साधी मोटर करायला लावा. साहित्य: दीड व्होल्टचा एक सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधला चुंबक, सायकलच्या ट्यूबचा पट्टा आणि मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते ती इनॅमलची (वीज अडवणारा लेप दिलेली) तांब्याची तार. तारेचे दहा वेढे सेलभोवती घ्यायचे, दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर काढायची. पिना ट्यूबच्या पट्ट्याने सेलच्या दोन टोकांना बांधायच्या, त्यांच्या भोकांत वेटोळं टांगायचं, खाली सेलवर चुंबक. घरातल्या प्लगपाशी यातलं काहीही न्यायचं नाही, आणि फिरत नसताना तार लावून ठेवायची नाही, तापते.

पहिल्या खेपेला ती फिरणार नाही. नुसती डुगडुगेल, आणि मुलगा म्हणेल व्हिडिओत खोटं दाखवलंय. तेव्हा तारेची टोकं बघा. एका टोकाचं इनॅमल चहूबाजूंनी खरवडलेलं हवं, दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. दोन्ही पूर्ण खरवडली तर अर्ध्या फेरीनंतर चुंबक वेटोळ्याला मागे ओढतो. अर्धं इनॅमल ठेवलं तर नेमकी त्या वेळी धारा तुटते आणि ते स्वतःच्या वेगाने पुढे निघून जातं. हे त्याला लगेच सांगू नका. ब्लेड तुमच्या हातात ठेवा आणि अर्धा तास त्याला शोधू द्या.